मोठ्या मायच्या शेजारची पाथ

जुलै महिन्यात एखादी बाई आमच्या मेडिकलच्या पायरीखाली चपला काढते, काउंटरपाशी येते आणि म्हणते, "मॅडम, चिखल्यांचं मलम द्या ना." ट्यूब काढायच्या आधी मी तिच्या पायांकडे बघते. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सोललेली असते, नखांच्या कडांना काळा चिखल असतो. दिवसदिवस चिखलात उभं राहिलं की पायाला जे होतं, त्याला आमच्याकडे चिखल्या म्हणतात. मी विचारते, "रोवणी लागली का?" ती म्हणते, "लागली ना, मागच्याच हप्त्यात." गोंदिया शहरात राहून मला पावसाळा असा कळतो. पेपरात काय आलं, हवामानवाले काय म्हणाले, इकडे माझं लक्ष नसतं. चिखल्यांची पहिली ट्यूब गेली, की माझ्यापुरती धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली.

त्याच काउंटरवर माझ्या शेजारी राजूभैया असतात. दुकानातले सगळ्यात जुने विक्रेते. माणूस कामाला चोख, पण तोंडातून एक बरी गोष्ट निघेल तर शपथ. पाऊस लांबला तर म्हणतात, "मैडम, इस साल अकाल पक्का है." पाऊस आला तर म्हणतात, "ज्यादा हो गया, अब सब सड़ेगा." ऑनलाइनवाले आपल्याला खाणार, दुकानाला कुलूप लागणार, हे मी नोकरीला लागले त्या दिवसापासून ऐकते आहे. दुकान वाढून शेजारच्या गाळ्यात गेलं, तेव्हा ते म्हणाले, "अब दो ताले लगेंगे." ते बोलत असताना मी डॉक्टरांचं अक्षर लावत असते. एका अक्षराच्या फरकानं भलतंच औषध पेशंटच्या पोटात जाऊ शकतं, म्हणून डोळे चिठ्ठीवर आणि बोटं कप्प्यांत. परवा ते जरा रागावूनच म्हणाले, "मैडम, आप सुनती भी हो कि नहीं?" मी म्हटलं, "सब सुनती हूं, भैया." खोटं नाही. मी सगळं ऐकते, फक्त माझे हात थांबत नाहीत. हे मी फार्मसीच्या कॉलेजात शिकले नाही. हे मी एका रोवणीत, मोठ्या मायच्या शेजारी वाकून शिकले.

माझं गाव नवेगाव बांधच्या बाजूला. बारावीत मी फिजिक्समध्ये नापास झाले, त्या वर्षीची ही रोवणी. तेव्हा फेरपरीक्षा ऑक्टोबरात व्हायची. मला फार्मसीला जायचं होतं, कारण पांढरा कोट घालून काचेच्या कपाटांमध्ये उभी असलेली एक बाई मी एकदा अर्जुनीला पाहिली होती, आणि ती कोणाच्या धाकात नाही असं मला उगाचच वाटलं होतं. पण घरात माझ्या परीक्षेला पुन्हा बसण्यावरून बाबांचं हो-नाही चाललं होतं. एक स्थळ आलं होतं, मुलगा धानाच्या गिरणीवर होता, माणसं वाईट नव्हती. बाबा म्हणाले, "रोवणी होऊ दे, मंग पाहू." म्हणजे माझ्याकडे एक रोवणी होती. तेवढ्यात मला बाबांना पटवायचं होतं आणि न कळलेलं फिजिक्स स्वतःला पटवायचं होतं.

आणि मध्ये होती मोठी माय. माझ्या मोठ्या बाबांची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा मी जन्मायच्या आधीच वारले होते. मोठी माय उंच, काटक, कपाळावर कायम आठी. आमच्या घराला लागून तिचं घर, आमच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, लागून तिची बांधी. निकाल लागला त्या दिवशी ती अंगणात येऊन म्हणाली, "नापास झाली ना? म्या तं पयलेच सांगतलं होतं." तिनं सगळंच पयलेच सांगितलेलं असे. गाय गाभण राहिली की ती म्हणे, गोऱ्हा होईल. लग्न ठरलं की म्हणे, मांडवात पाणी शिरेल. दहापैकी दोनदा खरं व्हायचं, आणि ती दोनच गावाला आठवायची.

आमच्याकडे तेव्हा रोवणी एकमेकींच्या बांधीत जाऊन करायची रीत होती. आज आमची, उद्या तुमची. चिखलणी झालेल्या पाण्यात बाया एका ओळीत उभ्या राहतात, वाकतात, आणि पऱ्ह्याची, म्हणजे आधी वाफ्यात वाढवलेल्या धानाची, दोन-तीन रोपं चिमटीत धरून चिखलात खोचत मागे मागे सरकतात. प्रत्येकीच्या वाट्याला जो पट्टा येतो ती तिची पाथ. ज्या जागी पहिल्या दिवशी उभी राहिलीस, ती जागा सहसा रोवणीभर तुझी. मला हे ठाऊक होतं. मोठ्या मायच्या शेजारची जागाच रिकामी का होती, हे तेवढं कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्याच सकाळी कळलं. पऱ्ह्याची पेंढी सोडता सोडता मोठी माय म्हणाली, "पऱ्हा पिवरा पडून रायला. यंदाची रोवनी काई खरी नाही." मी रोप खोचलं. मग म्हणाली, "तुह्या आजोबाचंबी डोकस्कं हिसाबात नाही चाले. घरान्यातच नाही आपल्या." मी आणखी एक खोचलं. मग म्हणाली, "फेल झालेली पोरगी आन फुटलेली घागर, दोनी घरातच ठेवा लागते." तेव्हा मात्र मी उभी राहिले. कमरेवर हात ठेवून, चिखलाच्या हातांनी, मी तिला उत्तर द्यायला लागले. काय बोलले ते आठवत नाही. बरंच बोलले. आणि बोलून संपल्यावर पाहते तर ओळ कुठच्या कुठे मागे सरकली होती. माझ्या डाव्या बाजूला धान रोवलेलं, उजव्या बाजूला धान रोवलेलं, आणि मधल्या गढूळ पाण्याच्या पट्टीत मी एकटी उभी. बाया खो खो हसत होत्या. मोठी माय हसली नाही. ती वाकूनच होती आणि तिचे हात चाललेच होते.

माझ्या दुसऱ्या बाजूला सुमनकाकी होती. विहाराशेजारी घर असलेली, बुटकी, पान खाणारी, आईची मैत्रीण. मी घाईघाईनं रोवत तिच्या बरोबरीला आले, तशी ती हळूच म्हणाली, "तुले ते बोलत होती, तवा तिचे हात पाह्यलेस का?"

"नाही."

"बोलते ते, आन मांगं रायतो आपन. दरसाल एक ना एक बाई अशीच अडकते. आयकून घे ना तिचं. हात कायले थांबवतेस?"

मी म्हटलं, "काकी, जागा बदलून दे ना." त्यावर तिनं पानाची पिंक धुऱ्यापलीकडे, म्हणजे शेताच्या बांधापलीकडे, टाकली आणि म्हणाली, "मी त्या जागेवर लय वर्सं काढली, बाई. माह्यं भोगून झालं. आता तुही पारी." या बाईनं मला उपदेश केला असं मी पुष्कळ दिवस समजत होते. खरं म्हणजे तिनं आपली सुटका करून घेतली होती.

त्या रोवणीचे वास अजून नाकात आहेत. चिखलाचा, पऱ्ह्याच्या तुटलेल्या मुळांचा, पाठीवर घेतलेल्या प्लास्टिकच्या खोळीत कोंडलेल्या घामाचा. दुपारी धुऱ्यावर बसून खाल्लेल्या वास्त्यांच्या भाजीचा, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी. तिला जंगलाचा थोडा कडवट वास असतो आणि तो भातात मुरतो. कधी पलीकडच्या बांधीत सारसाची जोडी उतरायची आणि मान वर करून दोघं एकदम ओरडायची, की बाया क्षणभर थांबायच्या. मोठी माय म्हणायची, "पऱ्हा तुडवतीन आता." पण तीही बघायची. सगळ्यांपेक्षा जास्त वेळ बघायची.

बोलणं फारच झालं की कोणीतरी गाणं उचलायची. रोवणीच्या गाण्यांना दम लागतो, गाताना कुरकुर करता येत नाही, हा बायांचा जुना उपाय होता. आणि गंमत अशी, की मोठ्या मायचा गळा सगळ्यांत चांगला. ती गाणं वरच्यावर झेलायची आणि पुढे न्यायची. अर्थात त्या गाण्यांतही सासूची, नणंदेची, न येणाऱ्या भावाची गाऱ्हाणीच असत. पण ती चालीत बसवलेली होती, त्यामुळे सोसवत. गाणं संपलं की चार रोपं लावेपर्यंत शांतता राहायची आणि मग तिचा आवाज यायचा, "पायाले चिखल्या होऊन रायल्या. आता हे बोटंच झडतीन."

मी शिकत गेले. पहिले काही दिवस कान बंद करून पाहिले, जमलं नाही, कान काही बंद होत नाहीत. मग मनातल्या मनात सूत्रं म्हणायला लागले. दोन रोपांना एक राशी, पुढच्या दोन रोपांना तिचं एकक. मोठी माय म्हणायची, "पेपर काढनारे लय हरामी रायतेत," आणि माझं ओहमच्या नियमाचं रोप चिखलात जायचं. तिचं बोलणं थांबत नव्हतं, पण ते माझ्या हातांपर्यंत यायचं बंद झालं. मी "हो ना, मोठी माय" म्हणायला शिकले. मनापासून म्हणायचे, पण मान वर न करता. एक दिवस ओळ धुऱ्याला लागली तेव्हा मी तिच्या बरोबरीनं लागले. तिनं माझ्या पाथीकडे वाकून पाहिलं आणि म्हणाली, "दाट लावलंस. वाढाचं नाही." सुमनकाकी पलीकडून म्हणाली, "म्हंजे बरं लावलंस."

संध्याकाळी मोठी माय आमच्या छपरीत येऊन बसायची, त्यामुळे घरी अभ्यास होणं शक्य नव्हतं. विहाराची किल्ली सुमनकाकीकडे असे. ती म्हणाली, "तेथं जाऊन बस. कोनी बोलत नाही तेथं." थंड फरशी, भिंतीलगत गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्या, मूर्तीसमोर विझलेल्या मेणबत्त्यांचा वास आणि मिटलेल्या डोळ्यांचा बुद्ध. मी आयुष्यात इतकी शांत जागा पाहिली नव्हती. प्रकाशाचं वक्रीभवन मला तिथे कळलं, एकदम, पाण्यात काठी वाकडी दिसावी आणि ती वाकडी का दिसते हे कळावं तसं. मी एकटीच हसले. मोठ्या मायला ही बातमी लागलीच. "आता देवबी बदलला का?" तिनं आईला विचारलं. आईनं तिच्यापुढे लसणानं भरलेलं सूप सरकवलं आणि म्हणाली, "सोला बाई तेवढं." लसूण सोलता सोलता ती बोलत राहिली आणि मी पुस्तक घेऊन मागच्या दारानं निघून गेले.

ती अशी का होती, हे मी सुमनकाकीला विचारलं होतं. तिनं सांगितलं, की मोठे बाबा नागपूरला कामाला गेले होते आणि दिवाळीला येतो म्हणाले होते. मोठ्या मायनं घर सारवलं, गावभर सांगितलं, येऊन रायले म्हणून. आली ती त्यांच्या तापाची आणि मरणाची बातमी. "तवापासून चांगलं तोंडातून काढाले भेते ते. बोललं का निसटते, असं वाटते तिले." ऐकून वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर मला ते कारण पुरेसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. दुःख तर सुमनकाकीलाही होतं, तिची दोन मुलं लहानपणीच गेली होती, आणि ती पान खाऊन गाणी म्हणत होती. माणूस कडू का होतो याचा हिशेब मला लागलेला नाही. तिची कडवट गोळी मला रोज घ्यावी लागणार होती, एवढं कळत होतं.

रोवणी संपत आली. बाबांचं अजून ठरत नव्हतं. एका संध्याकाळी गिरणीवाल्याकडचा माणूस निरोप घेऊन येऊन गेला होता, आणि मोठी माय छपरीत बसून बाबांना म्हणाली, "दुसऱ्यांदाबी नापास झाली तं तोंड कोठं दाखवाल, भाऊजी? पोरगं हातातून जाईल, पेपरबी जाईल." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती मोठ्या मायच्या तोंडून त्यांच्यात उतरली होती, हे मला स्पष्ट दिसलं. मी उद्याच्या भातासाठी तांदूळ निवडत होते. पहिल्या दिवशीसारखं उभं राहून भांडावं असं वाटलं. भांडले असते तर तो संध्याकाळभराचा तमाशा झाला असता आणि बाबांनी कंटाळून गिरणीवाल्याला होकार दिला असता. माझे हात सुपात चालत राहिले. खडा काढून बाजूला टाकत मी म्हटलं, "मोठी माय म्हणते तसं होऊ शकते, बाबा. पन मी पेपर देतो." एवढंच. मोठ्या मायनं आणखी बरंच सांगितलं. मी तांदूळ निवडत होते आणि बाबा माझ्या हातांकडे बघत होते. शेवटी ते म्हणाले, "दे मंग."

परीक्षेच्या दिवशी पहाटे पाऊस लागला. अवेळीचा, हलका, म्हणजे लवकर येणारा, धान कापून पडलेला असताना. बाबा धान झाकायला बांधीत पळाले. मी छत्री शोधत होते तर मोठी माय दारात उभी, आपली काळी छत्री उघडून. "चाल," म्हणाली. फाट्यापर्यंत ती बोलत आली. बस यायची नाही. आली तर भरून येईल. पेन फुटेल. जे नाही वाचलं तेच येईल. अर्धी छत्री माझ्यावर आणि तिचा उजवा खांदा पूर्ण भिजलेला. फाट्यावर आम्ही पुष्कळ वेळ उभ्या राहिलो. ती दर थोड्या वेळानं रस्त्यात जाऊन वळणाकडे बघून यायची आणि म्हणायची, "नाही येत." मग बस आली. मी चढले. खिडकीतून पाहिलं तर ती खालून ओरडत होती, "रस्त्यात बंद पडल." आणि हात हलवत होती.

बस बंद पडली नाही. मी पास झाले. मोठी माय म्हणाली, "पास झाली तं झाली. आता गोंदियाले जाईल, आन तेथं पोट्टे पाह्य कसे रायतेत." मी "हो ना, मोठी माय" म्हटलं आणि पिशवी भरत राहिले.

परवा माझ्या भाचीनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. चकचकीत खोलीत बसलेला एक तरुण सांगत होता, की विषारी माणसांना आयुष्यातून काढून टाका, नंबर ब्लॉक करा, मागे वळून बघू नका. बरोबरच असेल त्याचं. काही माणसं खरंच जीव खातात आणि त्यांच्यापासून पळावंच. पण मोठ्या मायला मी कुठे काढून टाकली असती? आमच्या बांधीत पाणी तिच्या बांधीतून यायचं. तिच्या धुऱ्याला पाडलेल्या वाटेनंच ते उतरायचं, आणि कितीही कुरकुरली तरी तिनं ती वाट एकदाही बुजवली नाही. मी भाचीला अंगठा पाठवला आणि चिठ्ठीतलं पुढचं औषध काढलं.

मागच्या रविवारी गावी गेले होते. बसमधून पाहिलं, कुठे कुठे यंत्रानं रोवणी चालली होती, रोपं खोचत जाणारं यंत्र आणि त्याच्यामागे बायांवाचून रिकामी बांधी. कुठे अजून बाया वाकलेल्या. सुमनकाकी आता नाही. मोठी माय आहे, खूप म्हातारी. दारापाशी खाट टाकलेली, तिथून बांधी दिसते, आणि तिच्यातही यंत्र चाललं होतं. वहिनी म्हणजे तिची सून. ती मला आत नेऊन हलक्या आवाजात म्हणाली, "चार-आठ दिवस झाले, बाई काईच नाही बोलत. जेवन कसं झालं म्हनतलं तं मान हालवते. मले भेव लागून रायलं."

मी मोठ्या मायच्या औषधांची पिशवी घेऊन खाटेशेजारी बसले. सकाळच्या गोळ्या, संध्याकाळच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत भरायला लागले. माझं रोजचंच काम. तिला सांगितलं, ही बीपीची, ही जेवल्यावरची. मुद्दाम म्हटलं, "या गोळीनं बरं वाटेल, मोठी माय." एरवी अशा वाक्यावर ती तुटून पडली असती. ती बाहेर बघत राहिली. तिचे हात मांडीवर होते, उताणे आणि स्थिर. मी ते हात कधी स्थिर पाहिले नव्हते. इतकी वर्षं मी जिच्या आवाजापासून स्वतःला जपलं, तिनं एकदा तरी काहीतरी वाईट बोलावं म्हणून मी देवाला विनवत होते.

बाहेर यंत्र वळलं. तिचे ओठ हलले.

"पानी लय झालं बांधीत," ती म्हणाली. "पऱ्हा सडल."

माझ्या हातातली गोळ्यांची पट्टी तशीच राहिली. मी डबी बाजूला ठेवली, तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "आनखीन काय होईल, मोठी माय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. कपाळावरची आठी हळूहळू जागेवर आली. मग ती सांगायला लागली. यंत्राचं, पावसाचं, सुनेच्या वरणाचं, माझ्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांचं. वहिनी दारात येऊन उभी राहिली. परतीच्या बसची वेळ झाली, टळून गेली. गोळ्या अर्ध्या भरायच्या राहिल्या होत्या. मी ऐकत बसले. त्या दिवशी माझी पाथ मागे राहिली.